दहा मिलिग्रॅम

कर्कबी स्टीफनचं मेथडिस्ट चॅपेल,
तिकीट आठ पौंड, चहासकट.
हीटर पाचपासून चालू,
तरी कुणी कोट काढला नव्हता.

मी तिसऱ्या बाकावर. पुढच्या दोन रांगा
मला पाठमोऱ्याही ओळखू येतात:
रक्तदाब, रक्तदाब, थायरॉइड,
विनिफ्रेड फॉसेटचे डोळ्यांचे थेंब,
आणि तो उंच मेंढपाळ, ज्याला
दर महिन्याला विचारते, झोप लागते का?
तो म्हणतो, आज हवा बरी आहे.
गावात औषधांचं दुकान एकच असलं
की गाव असं कळत जातं,
लेबलं चिकटवता चिकटवता.

चेलो वाजवणारा, टॅलेंटायर म्हणू या त्याला
(खरं नाव सांगायची मला मुभा नाही),
शाळेत भूगोल शिकवतो.
कार्यक्रम असला की आदल्या आठवड्यात येतो,
दहा मिलिग्रॅमच्या गुलाबी गोळ्या नेतो,
हात थरथरू नये म्हणून.
या वेळी फिरकलाच नाही.
पाकीट अजून काउंटरमागच्या खणात आहे.
कुठल्या अक्षराच्या, ते सांगत नाही.

आधी जॅझ.
पियानोवाली लीड्सहून आलेली.
डावा हात बोळातून घरी निघाल्यासारखा,
उजवा मध्येच थांबायचा, खिसे चाचपायचा,
किल्ली सापडल्यासारखा हसायचा.
मग एक जुनं पॉप गाणं, शब्दांविना;
शब्द लोकांनी घरून आणले होते.
माझ्या दुकानातल्या रेडिओवर
ते दिवसातून दोनदा लागतं.
मी ते कधी ऐकलंच नव्हतं.

मग टॅलेंटायर एकटा.
तीनशे वर्षांपूर्वीच्या कुठल्याशा दरबारातली
नाचाची चाल, इतकी संथ
की नाचणारे नुसते उभे राहून
विचार करत असावेत.
तिसऱ्या ओळीत गज थरथरला.
दह्याला चमचा लागला की पाणी सुटतं,
तसा स्वराला बारीक पाझर फुटला.
माझा हात पर्सकडे गेला.
कशाला? पर्समध्ये छत्री, किल्ल्या, आल्याची वडी.
तो थांबला नाही.
थरथर तशीच बरोबर घेऊन
खालच्या तारेवर उतरला,
म्हातारा माणूस जिना उतरतो तसा,
कठडा धरायची लाज न बाळगता.

पुढची रचना याच वर्षीची.
तिच्यात चौघांनी सात मात्रा
गप्प बसायचं होतं.

हीटरची टिकटिक.
कुणाचं तरी पोट बोललं.
सात मात्रा एवढ्या लांब असतात
हे कार्यक्रमाच्या कागदावर नव्हतं.

शेवटी इथलंच काहीतरी.
ॲकॉर्डियनवाला म्हणाला, डोंगरावर
मेंढ्या मोजायचे हे जुने आकडे.
कुठल्या भाषेतले, ती कधी गेली,
छातीठोकपणे कुणीच सांगत नाही.
यान, टान, टेथेरा, मेथेरा, पिंप.
उंच मेंढपाळ उठला नाही,
बसल्या बसल्या मोजायला लागला,
आणि त्याच्यामागून सगळं चॅपेल.
आणि माझ्या तोंडात, चाळीस वर्षांनी,
मिरजेचं रेल्वे क्वार्टर्समागचं मैदान:
विटी लांब पडलेली,
मी वाकून दांडूनं अंतर मोजतेय,
वकट, लेंड, मूंड, नाल.
हेही आकडे दुसऱ्याच कुणाचे,
आम्ही न विचारता वापरलेले.
शेजारच्या बाईंना ऐकू गेलं.
"हे कुठल्या खोऱ्यातलं?"
"दक्षिणेकडचं," मी म्हटलं.

चहाच्या टेबलापाशी टॅलेंटायर.
त्याच्या हातात कप बशीवर वाजत होता,
बऱ्यापैकी तालात.
मी दूध पुढे सरकवलं, आणि अगदी हळू:
पाकीट परत पाठवू का?
त्यानं कपाकडे पाहिलं.
"असू दे," म्हणाला,
"पण जरा मागच्या खणात."